यादीतले दुसरे नाव

१९८७ चा हंगाम संपला आणि थर्मन थॉमस ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठातून बाहेर पडला. चार वर्षांत चेंडू काखेत दाबून त्याने ४,५९५ यार्ड कापले होते. विद्यापीठाच्या तोवरच्या इतिहासात एवढे कोणीच पळाले नव्हते. शेवटच्या एका हंगामातच त्याच्या नावावर १,६१३ यार्ड जमा होते. स्टिलवॉटर हे या विद्यापीठाचे गाव, आणि अशा गावांत शरद ऋतूतला शनिवार हा फुटबॉलचा वार असतो. तिथून असा खेळाडू गेला की पुढचे आठ-नऊ महिने सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न राहतो: आता पळणार कोण?

अमेरिकेतल्या शंभराहून अधिक विद्यापीठांत हा प्रश्न दर वसंतात नव्याने उभा राहतो. व्यावसायिक संघाला चांगला खेळाडू दहा वर्षे सांभाळता येतो. कॉलेजचा संघ मात्र एसटीच्या गाडीसारखा आहे. प्रत्येक थांब्यावर काही उतरतात, काही चढतात, आणि गाडीला वेळेवर निघावेच लागते.

पुढच्या हंगामात संघाचा रनिंग बॅक कसा निघेल, हे आधी ओळखता येते का? बऱ्याच अंशी येते. पण लोक चुकीच्या जागी बघतात. कोणी गेलेल्या खेळाडूसाठी हळहळतो, कोणी शाळेतून येणाऱ्या गाजलेल्या पोरावर आशा लावून बसतो. खरे उत्तर बहुतेक वेळा संघातच, बाकावर बसलेले असते. ते कसे ओळखायचे, हे या प्रकरणात पाहू.

खेळ आणि त्याचा आकडा

अमेरिकन फुटबॉलचे मैदान १०० यार्ड लांब असते. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, हे लक्षात ठेवले की अंतराचा अंदाज येतो. दोन्हीकडे ११-११ खेळाडू. आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. चार डाउनमध्ये १० यार्ड पुढे सरकले की पुन्हा चार मिळतात. नाही जमले तर चेंडू समोरच्यांकडे जातो. क्वार्टरबॅक एक तर चेंडू हवेतून साथीदाराकडे फेकतो, नाही तर शेजारी किंवा मागे उभ्या असलेल्या रनिंग बॅकच्या पोटाशी देतो. असा चेंडू घेऊन केलेल्या प्रत्येक धावेला कॅरी म्हणतात.

आपल्याकडे या कामाच्या सर्वांत जवळची गोष्ट म्हणजे कबड्डीतली चढाई. तेच पाय, तीच हुलकावणी, पकडीतून सुटण्याची तीच झटापट. फरक इतकाच की कबड्डीत चढाई करणारा एकटा जातो. इथे रनिंग बॅकच्या पुढे पाच धिप्पाड खेळाडूंची फळी असते. आजच्या मोठ्या संघांत त्यातले बहुतेक जण १३५ किलोंच्या पुढचे असतात. ही फळी समोरच्यांना रेटून क्षणभर एक फट उघडते. रनिंग बॅकने ती फट दिसण्याआधी ओळखायची आणि बंद होण्याआधी तिच्यातून निसटायचे.

दर कॅरीला साडेतीन यार्ड मिळाले तरी तीन डाउनमध्ये १० यार्ड पार होतात. म्हणून कॅरीमागे चार यार्ड म्हणजे काम भागले, पाच म्हणजे चांगले आणि सहाच्या वर म्हणजे उत्तम. हंगामाअखेर छापला जातो तो मात्र एकूण यार्डांचा आकडा, आणि फसगत तिथेच होते. एकूण यार्ड हा दोन संख्यांचा गुणाकार आहे. कॅरीमागे किती यार्ड, हे बरेचसे गुणाचे माप. कॅरी किती मिळाल्या, हे संधीचे. बाकावरच्या मुलाचा गुणाकार लहान दिसतो, कारण त्याची दुसरी संख्या लहान असते.

थॉमसच्या मागे कोण होते

१९८८ च्या वसंतात थॉमसच्या खाली यादीत नाव होते बॅरी सँडर्स. कॅन्सस राज्यातल्या विचिटाचा मुलगा, उंची ५ फूट ८ इंच. विचिटा नॉर्थ शाळेतही शेवटच्या वर्षाचे पहिले तीन सामने होईपर्यंत तो पहिल्या पसंतीचा रनिंग बॅक नव्हता. त्याची चण पाहून बहुतेक मोठ्या विद्यापीठांनी त्याला शिष्यवृत्तीच देऊ केली नाही. ओक्लाहोमा स्टेटने दिली, पण तिथे थॉमस होता. बॅरीने दोन हंगाम थॉमसच्या मागे काढले.

१९८७ मध्ये बॅरीला १०५ कॅरी मिळाल्या आणि त्याने ६०३ यार्ड केले. थॉमसच्या १,६१३ पुढे हा आकडा किरकोळ वाटतो. आता भागाकार करून बघा. कॅरीमागे जवळजवळ पावणेसहा यार्ड! त्याच हंगामात किकऑफ, म्हणजे समोरच्यांनी लाथेने उडवलेला चेंडू, परतवण्याच्या सरासरीत तो देशात पहिला होता, प्रत्येक वेळी ३१.६ यार्ड. ही दुसरी नोंद फार बोलकी आहे. किकऑफच्या वेळी समोरचा अख्खा संघ मैदानभर पूर्ण वेगाने अंगावर धावून येत असतो. तिथे पाठ केलेला डाव फारसा पुरत नाही, दिसेल त्या फटीत शिरावे लागते. जो मुलगा तिथे देशात पहिला येतो, त्याचे डोळे आणि पाय तयार असतात. त्याला कमी पडत होत्या त्या फक्त कॅरी.

आजूबाजूची माणसेही जमलेली होती. प्रशिक्षक पॅट जोन्स. क्वार्टरबॅक माइक गंडी, जो पुढे याच विद्यापीठाचा प्रशिक्षक झाला. चेंडू झेलायला हार्ट ली डाइक्स, ज्याला पुढच्याच वर्षी व्यावसायिक संघाने खेळाडू-निवडीच्या पहिल्या फेरीत उचलले. असा झेलणारा असला की बचाव करणाऱ्यांना सगळी माणसे रनिंग बॅकभोवती गोळा करता येत नाहीत. पुढच्या फळीला तर लोक 'वॉर पिग्ज' म्हणत, आणि बॅरीच्या पुढे वाट मोकळी करायला गॅरेट लिम्ब्रिक हा फुलबॅक होता.

मग हंगाम सुरू झाला. पहिल्या सामन्यातली सुरुवातीचीच किक बॅरीने १०० यार्ड परत नेली. त्या सामन्यापासून हंगामाच्या ११ सामन्यांतले त्याचे धावण्याचे यार्ड ओळीने वाचावेत असे आहेत: १७८, १५७, ३०४, १७४, १८९, १५४, ३२०, २१५, ३१२, २९३, ३३२. एकाही सामन्यात तो दीडशेच्या खाली आला नाही. चार सामन्यांत तो तीनशेपार गेला. ११ सामन्यांत संघ फक्त नेब्रास्का आणि ओक्लाहोमा यांच्याकडून हरला, आणि त्या दोन सामन्यांतही बॅरीने १८९ आणि २१५ यार्ड केले. शेवटचा सामना टेक्सास टेकविरुद्ध टोकियोत झाला. सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची हाइझमन ट्रॉफी त्याला जाहीर झाली तेव्हा तो जपानमध्येच होता. त्याच सामन्यात त्याने मार्कस ॲलनचा १९८१ चा २,३४२ यार्डांचा विक्रम मागे टाकला.

एकूण बेरीज २,६२८ यार्ड आणि ३७ टचडाउन, म्हणजे तितक्या वेळा चेंडू घेऊन धावत समोरच्यांच्या टोकापलीकडे पोहोचणे. हॉलिडे बोल या हंगामोत्तर सामन्यात वायोमिंगविरुद्ध त्याने आणखी २२२ यार्ड केले, पण ते या बेरजेत नाहीत. बोल सामन्यांचे आकडे हंगामात धरायला २००२ मध्ये सुरुवात झाली.

एवढे मोठे भाकीत वसंतात कोणालाच करता आले नसते. ११ सामन्यांत ३४४ कॅरी, म्हणजे सामन्याला ३१, हा भार एखाद्याला पेलेल की नाही हे पेलल्यावरच कळते. पण थॉमसची जागा रिकामी राहणार नाही, एवढे त्या १०५ कॅरींत स्पष्ट लिहिलेले होते. आणि थॉमस? गुडघ्याच्या जुन्या दुखापतीमुळे व्यावसायिक संघ कचरले आणि तो दुसऱ्या फेरीत, ४० व्या क्रमांकावर निवडला गेला. पुढे २००४ मध्ये सँडर्स आणि २००७ मध्ये थॉमस व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाले. म्हणजे १९८७ मध्ये एकाच संघात, एकाच जागेसाठी, हॉल ऑफ फेमचे दोन रनिंग बॅक उभे होते!

एक धावला म्हणून संघ धावतो का

बॅरी तिसऱ्या वर्षानंतरच कॉलेज सोडून व्यावसायिक खेळाकडे वळला. त्या काळी कॉलेजची मुदत संपण्याआधी व्यावसायिक लीगमध्ये सहसा जाता येत नसे, पण लीगने त्याला अपवाद म्हणून मुभा दिली. जानेवारी १९८९ मध्ये खेळाडू भरतीतल्या नियमभंगाबद्दल एनसीएए या नियामक संस्थेने विद्यापीठावर कारवाई केली. स्टिलवॉटरचे दिवस फिरले. तरी १९९० मध्ये देशात सर्वाधिक यार्ड धावलेला खेळाडू पुन्हा ओक्लाहोमा स्टेटचाच निघाला: गेराल्ड हडसन, १,६४२ यार्ड. त्या वर्षी संघाने ११ पैकी चारच सामने जिंकले.

रनिंग बॅक उत्तम असणे आणि संघ उत्तम असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अलाबामा विद्यापीठाने याची दुसरी बाजू दाखवली. २०१५ मध्ये तिथे डेरिक हेन्रीने ३९५ कॅरींत २,२१९ यार्ड आणि २८ टचडाउन केले. साउथईस्टर्न कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या गटातला हर्शल वॉकरचा १,८९१ यार्डांचा विक्रम १९८१ पासून उभा होता, तो त्याने मोडला आणि हाइझमन मिळवली. ऑबर्न आणि फ्लोरिडाविरुद्धच्या लागोपाठच्या दोन सामन्यांत मिळून त्याने ९० कॅरी केल्या. प्रशिक्षक निक सेबन यांचा तो संघ राष्ट्रीय विजेता ठरला आणि हेन्री गेला.

२०१६ च्या वसंतात मागे उरलेल्या एकाही रनिंग बॅकच्या नावावर आदल्या हंगामात २०० यार्डसुद्धा नव्हते. चिंता वाटावी अशीच स्थिती. पण सेबन यांनी एका हेन्रीच्या जागी दुसरा हेन्री शोधला नाही, काम वाटून दिले. डेमियन हॅरिसने १,०३७ यार्ड केले, बो स्कारब्रोने ८१२, जॉश जेकब्सने ५६७, आणि जेलन हर्ट्स या पहिल्या वर्षाच्या क्वार्टरबॅकने स्वतः चेंडू घेऊन ९५४. संघ १४ सामने जिंकला आणि फक्त राष्ट्रीय अंतिम सामना हरला.

म्हणून पुढच्या हंगामाचा विचार करताना 'हेन्रीसारखा कोण आहे?' असे विचारू नये. 'हेन्रीने केलेले काम कोणाकोणात वाटता येईल?' असे विचारावे. घरातला कर्ता माणूस गेल्यावर त्याच्यासारखा दुसरा मिळत नाही, पण त्याची कामे चौघे मिळून उचलतात आणि घर चालते. संघाचेही तसेच असते.

सरावात काय बघायचे

नियमाप्रमाणे वसंतात संघाला १५ सराव मिळतात आणि शेवटी बरीच विद्यापीठे आपापसातला एक सामना ठेवतात. तो पाहायला गर्दी होते, आणि त्यात एखाद्या नव्या मुलाने ६० यार्डांची मुसंडी मारली की त्याच्या नावाचा जयघोष सुरू होतो. त्या मुसंडीवर फार भिस्त ठेवू नये. समोर आपलेच खेळाडू असतात, दुखापत टाळण्यासाठी सगळेच जपून खेळतात, आणि डावही साधे ठेवलेले असतात.

प्रशिक्षक त्या वेळी तीन कमी चमकदार गोष्टी बघत असतो. पहिली, चेंडू हातातून सुटतो का. एक निसटलेला चेंडू म्हणजे समोरच्यांना फुकट मिळालेली संधी, आणि हा दोष असलेल्या मुलाला कोणी सलग खेळवत नाही. दुसरी, तो चेंडू झेलू शकतो का. आजचा खेळ फेकण्यावर इतका झुकला आहे की ज्याला नुसतेच पळता येते, तो तिसऱ्या डाउनला बाहेर बसतो. तिसरी आणि सर्वांत अवघड, तो क्वार्टरबॅकची राखण करू शकतो का. क्वार्टरबॅक फेकण्याच्या तयारीत असताना फळी चुकवून एखादा बचावपटू अचानक आत घुसतो. कोण घुसणार हे आधी ओळखायचे आणि आपल्याहून वजनदार माणसाला छातीवर अडवायचे, हे काम रनिंग बॅकचे. शाळेत शेकड्याने टचडाउन केलेली मुले कॉलेजच्या पहिल्या वर्षी बाकावर बसतात, त्याचे मोठे कारण हेच. पळणे अंगात असते. राखण शिकावी लागते.

याच्या जोडीला फळीकडे बघा. पाचांपैकी किती जण परत येणार आहेत, आणि ते एकमेकांशेजारी किती खेळले आहेत? रनिंग बॅक नवा आणि फळी जुनी असेल तर बिनघोर राहा. उलट असेल तर कितीही मोठे नाव असो, आकडा खाली येण्याची तयारी ठेवा.

दार उघडले

बॅरीच्या काळी एका विद्यापीठातून दुसरीकडे गेले तर सहसा एक वर्ष खेळाविना काढावे लागे. त्यामुळे थॉमसमागे थांबण्यात शहाणपण होते. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल सुरू झाले. जाऊ इच्छिणाऱ्या खेळाडूने त्यात नाव घालायचे की इतर विद्यापीठे त्याच्याशी बोलू लागतात. २०२१ पासून पहिल्या बदलीनंतर लगेच खेळण्याची मुभा मिळाली, आणि त्याच वर्षी खेळाडूंना आपल्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे कमावण्याचीही. आता दुसऱ्या क्रमांकाचा मुलगा एका रात्रीत दुसरीकडे पहिल्या क्रमांकाचा होऊ शकतो.

याचा उत्तम उपयोग ओहायो स्टेटने करून दाखवला. त्यांच्याकडे ट्रेव्हियन हेंडरसन होताच. २०२४ साठी त्यांनी मिसिसिपी विद्यापीठातून क्विन्शॉन जडकिन्सला आणले. तिथे पहिल्याच वर्षी त्याने १,५६७ यार्ड केले होते. दोघेही पहिल्या पसंतीचे, आणि दोघांनी वाटून घ्यायचे ठरले. जडकिन्सने १,०६० यार्ड केले, हेंडरसनने १,०१६, आणि जानेवारी २०२५ मध्ये संघाने नोत्र दामला ३४-२३ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. व्यावसायिक निवडीत जडकिन्स ३६ वा आणि हेंडरसन ३८ वा गेला. भार वाटला म्हणून कोणाचे मोल कमी झाले नाही.

शरीराचा हिशेब

या सगळ्या आकड्यांत एक गोष्ट विसरली जाते. प्रत्येक कॅरीच्या शेवटी कोणीतरी त्या मुलाला जमिनीवर आदळत असते.

स्टॅनफर्डच्या ब्राइस लव्हने २०१७ मध्ये २,११८ यार्ड केले, कॅरीमागे आठ यार्डांहून अधिक. हाइझमनच्या मतदानात तो दुसरा आला. तेव्हा तो व्यावसायिक खेळाकडे जाऊ शकला असता. मानवी जीवशास्त्राची पदवी पुरी करायची म्हणून तो आणखी एक हंगाम थांबला. त्याचा निर्णय सर्वार्थाने आदराचा होता. साहजिकच २०१८ चे भाकीत करणाऱ्यांनी त्याचे नाव सर्वांत वर लिहिले. पण त्या हंगामात त्याचे ७३९ यार्ड झाले, आणि शेवटच्या टप्प्यात कॅलिफोर्नियाविरुद्ध गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. पुढे निवड झाली ती चौथ्या फेरीत.

पुढच्या हंगामाचा अंदाज बांधताना गेल्या हंगामातल्या कॅरी मोजाव्यात, त्या यासाठी. साडेतीनशेच्या वर कॅरी झालेला मुलगा परत येणार असेल, तर आनंदाबरोबर थोडी काळजीही करावी. आणि चांगला प्रशिक्षक तो, जो सामना हातात आल्यावर पहिल्याला बसवतो आणि दुसऱ्याला मैदानात धाडतो. त्याने पहिल्याचे शरीर वाचते आणि दुसऱ्याची तयारी होते. त्या दहा-बारा कॅरींमध्येच पुढचे वर्ष घडत असते.

पुन्हा तीच गोष्ट

आयडाहो राज्यातल्या बॉइझी स्टेटमध्ये २०२२ साली जॉर्ज होलानी हा मुख्य रनिंग बॅक होता. त्याच्या मागे ॲश्टन जेंटी नावाचा पहिल्या वर्षाचा मुलगा आला आणि त्याने ८२१ यार्ड केले. २०२३ मध्येही होलानी संघात होताच. जेंटीने १,३४७ यार्ड केले, कॅरीमागे सहाच्या वर. हंगाम संपल्यावर होलानी गेला. पोर्टल उघडे होते, मोठ्या विद्यापीठांची दारे उघडी होती, तरी जेंटी बॉइझीतच राहिला. ज्या फळीमागे पळायची सवय झाली होती, तिच्याचमागे.

ज्याने बॅरीची १९८७ ची नोंद वाचली आहे, त्याला पुढे काय होणार हे ओळखणे अवघड गेले नसते. कॅरीमागचा आकडा आधीच उत्तम होता, आता वाटेकरी उरला नव्हता. २०२४ मध्ये जेंटीला ३७४ कॅरी मिळाल्या. त्याने १४ सामन्यांत २,६०१ यार्ड केले, हाइझमनच्या मतदानात दुसरा आला आणि व्यावसायिक निवडीत सहावा गेला.

तेव्हा पुढच्या वसंतात कोणत्याही संघाची यादी हाती आली, तर पहिल्या नावावर थांबू नका. त्याच्या खालचे नाव शोधा. त्याच्या यार्डांना कॅरींनी भागा, पुढची फळी कोण आहे ते बघा, आणि वरचा खेळाडू जाणार की राहणार हे विचारा. तिथे जे सापडेल, ते बहुतेक वेळा शरद ऋतूत मैदानावर दिसते.

बॅरी सँडर्सचा ११ सामन्यांतला २,६२८ यार्डांचा विक्रम अजून उभा आहे. जेंटी त्याच्यापासून २७ यार्ड दूर राहिला.